कचकड्याची मूठ

घडीचा चाकू म्हणजे वरवर पाहता एक पाते आणि एक मूठ. उकलून पाहिले की भाग वाढतात. मधोमध पाते आणि त्याला दाबून धरणारी पाठीची स्प्रिंग, दोन्ही बाजूंना पितळेच्या पातळ पट्ट्यांचे अस्तर, टोकांना धातूच्या टोप्या आणि अस्तरावर बाहेरून बारीक रिबिटांनी बसवलेल्या दोन चपट्या फळ्या. बोटांना लागतात त्या या फळ्या. कापण्याचे काम पोलाद करते, पण दुकानाच्या काचेआडचा चाकू गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरतो तो फळ्यांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत शेफील्ड, सोलिंगेन आणि अमेरिकेतल्या कारखान्यांतून बाहेर पडलेल्या असंख्य चाकूंच्या फळ्या सेल्युलॉइडच्या होत्या. मराठी घरांत ज्याला कचकडा म्हणतात त्याच्या. कचकड्याची बाहुली, कचकड्याची फणी, कचकड्याच्या बांगड्या ज्या द्रव्याच्या, त्याचीच ही मूठ. कोल्हापूरकरांना हे द्रव्य आणखी एका रूपात जवळचे आहे. बाबूराव पेंटरांनी ज्या फितीवर ‘सैरंध्री’ हा मूकपट टिपला ती याच कुळातली. आणि कोल्हापूरपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर, मिरजेच्या तंबोऱ्यांच्या अंगावर, कचकड्याची नक्षी अजून उठते आहे.

सेल्युलॉइडच्या आधी मुठीला जे लागे ते सगळे निसर्गातून येई. साध्या चाकूला गुरांचे हाड किंवा शिंग, नाहीतर लाकूड. त्यावरच्या मालाला सांबरशिंग. शेफील्डच्या कारागिरांची सांबरशिंगे मोठ्या प्रमाणात हिंदुस्थानातून जात. श्रीमंती मालाला हस्तिदंत, समुद्री कासवाच्या पाठीचे कवच किंवा मोत्याचा शिंपला. या प्रत्येकाची काहीतरी खोड असे. शिंपल्याचा सपाट तुकडा लहानच मिळतो आणि रिबिटासाठी भोक पाडताना तो तडकतो. हस्तिदंत कोरड्या हवेत भेगाळते. हाडाचे दोन तुकडे कधी एका रंगाचे नसतात, त्यामुळे डझनभर चाकू एकसारखे दिसावेत म्हटले तर निवडण्यातच दिवस जाई. शिवाय हत्ती आणि कासव यांचा पुरवठा मागणीबरोबर वाढत नव्हता. एकाच छापाचे हजारो चाकू काढणाऱ्या नव्या यंत्रशाळेला जे द्रव्य हवे होते ते रंगीत, कापायला मऊ, भोक पाडताना न तडकणारे आणि हवे तेवढे मिळणारे असायला हवे होते.

त्याची सुरुवात कापसापासून झाली. १८४६ साली बाझेलच्या ख्रिस्तियान शेनबाइन याने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्यूरिक आम्लांची क्रिया करून नायट्रोसेल्युलोज मिळवले. दिसायला कापूसच, पण ठिणगी लागताच क्षणात नाहीसा होणारा. आम्लाची क्रिया किती खोलवर होऊ द्यायची यावर पुढचे सगळे अवलंबून असते. नायट्रोजनचे प्रमाण तेरा टक्क्यांच्या आसपास गेले की तो तोफेचा दारूगोळा होतो, बाराच्या जरा खाली ठेवले की चित्रपटाची फीत होते आणि अकराच्या आसपास ठेवले की फणी, बाहुली व चाकूची मूठ. तिन्ही सख्खी भावंडे आहेत, हे या द्रव्याकडे पाहताना विसरून चालत नाही.

बर्मिंगहॅमच्या अलेक्झांडर पार्क्सने या नायट्रोसेल्युलोजपासून घडवता येणारा पदार्थ तयार केला आणि १८६२ च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ‘पार्क्सीन’ नावाने मांडला. त्याला कांस्यपदक मिळाले, धंदा मात्र बसला. स्वस्तात माल काढण्याच्या नादात वस्तू वाकत, आकसत आणि गिऱ्हाईक परत येत नसे. यश मिळाले ते अटलांटिकपलीकडे. बिलियर्डचे गोळे तेव्हा हस्तिदंताचे असत आणि हस्तिदंत महागले होते. पर्यायी गोळ्यासाठी फेलन अँड कॉलेंडर या कंपनीने दहा हजार डॉलरचे बक्षीस लावले होते. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीचा जॉन वेस्ली हायट हा छपाईखान्यातला कामगार त्या मागे लागला. बक्षीस त्याला मिळाल्याचे कुठे दिसत नाही, पण १८७० साली त्याने व त्याचा भाऊ आयझाया याने जे पेटंट घेतले त्यातून उद्योग उभा राहिला. नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळून, उष्णता व दाब देऊन, घट्ट आणि एकजीव गोळा तयार करायचा ही त्यांची युक्ती होती. ‘सेल्युलॉइड’ हे नाव आयझायाने दिले. कारखाना लवकरच नेवार्कला हलला. इंग्लंडमध्ये पार्क्सच्या जुन्या सहकाऱ्याने, डॅनियल स्पिलने, तोच पदार्थ ‘झायलोनाइट’ म्हणून काढला आणि १८७७ मध्ये ब्रिटिश झायलोनाइट कंपनी स्थापन झाली. या कंपनीचे बोधचिन्ह पाहण्यासारखे होते. हत्ती आणि कासव हातात हात घालून चाललेले! आपले दात आणि पाठ वाचली म्हणून दोघे खूश आहेत असा त्याचा अर्थ. जाहिरातीत इतका खरा विनोद क्वचित सापडतो.

या सगळ्यात कापराची भूमिका नीट समजून घ्यायला हवी. नुसते नायट्रोसेल्युलोज ठिसूळ असते. कापराचे रेणू त्याच्या लांब साखळ्यांमध्ये शिरतात आणि त्या एकमेकींवरून सरकू शकतील इतकी जागा करून देतात. साधारण तीन भाग नायट्रोसेल्युलोजला एक भाग कापूर असे हे प्रमाण असते. अंबाबाईच्या आरतीला जळतो त्याच जातीचा हा कापूर. बोर्निओकडून येणारा भीमसेनी तो वेगळा. हा कापूर कापूरवृक्षाचे लाकूड उकळून, वाफ थंड करून काढत, आणि त्याचे मोठे भांडार होते तैवान. तैवान जपानच्या ताब्यात गेल्यावर १८९९ मध्ये तिथल्या कापरावर सरकारी मक्ता आला आणि जगभरच्या फण्या-चाकूवाल्यांचा भाव तोक्योत ठरू लागला. पुढे टर्पेंटाइनपासून कृत्रिम कापूर बनू लागला आणि मक्त्याची धार बोथट झाली. देवघरातल्या डबीत आज असतो तो बहुधा हाच. जपाननेही नुसता कापूर विकण्यावर समाधान मानले नाही. १९१९ मध्ये तिथल्या आठ कंपन्या एकत्र येऊन दाइनिप्पॉन सेल्युलॉइड उभी राहिली आणि जपानी कचकड्याच्या बाहुल्या, फण्या, खुळखुळे आशियाभरच्या बाजारांत पसरले. फुजी ही फिल्म बनवणारी कंपनीसुद्धा १९३४ मध्ये याच दाइनिप्पॉनमधून फुटून निघाली.

कारखान्यातला क्रम असा. धुऊन, विरंजित करून लगदा केलेले नायट्रोसेल्युलोज कापूर आणि अल्कोहोल यांच्याबरोबर मळायचे. ही कणीक गरम रुळांमधून पुनःपुन्हा काढायची. रंग इथेच मिसळतो. निघालेले जाड तक्ते एकावर एक रचून दाबाखाली त्यांचा एकसंध ठोकळा करायचा आणि ठोकळा थंड झाल्यावर रुंद पात्याच्या रंध्यावर त्याचे हव्या त्या जाडीचे काप काढायचे. त्यानंतर वाट पाहायची. कापात उरलेले अल्कोहोल उडून जाईपर्यंत ते उबदार खोलीत टांगून ठेवत; पातळ तक्त्याला काही दिवस, जाड तक्त्याला महिने. घाई केलेला तक्ता पुढे मुठीवर आकसतो. जुन्या चाकूत फळी टोपीपासून सुटून मधे नखभर फट पडलेली दिसते, त्यामागे पुष्कळदा ही घाई असते. शेवटी आरशासारख्या गुळगुळीत धातूच्या पत्र्यांमध्ये दाबून झिलई आणायची. चाकूवाल्याच्या हाती येई तो असा तयार तक्ता. तो करवतीने कापावा, गिरमिटाने भोक पाडावे, कानशीने घासावे, आणि वळवायचा असेल तर उकळत्या पाण्याच्या जरा आतल्या उष्णतेला मऊ करून साच्यात दाबावा. इतके ऐकणारे दुसरे द्रव्य त्या काळच्या कारागिराच्या बाकावर नव्हते.

शोभेचे खरे कसब मात्र तक्त्यात आहे. आधी आली नक्कल. हस्तिदंताची नक्कल करायची तर नुसता पांढरट रंग पुरत नाही, दाताच्या आतल्या बारीक समांतर रेषाही दिसाव्या लागतात. त्यासाठी दुधाळ रंगाच्या किंचित वेगवेगळ्या दोन छटांचे पातळ तक्ते आलटून पालटून शेकड्याने रचत, त्यांचा ठोकळा करत आणि ठोकळा थरांना आडवा कापत. अळूवडी कापल्यावर थर उघडे पडतात तशा कापावर समांतर रेघा उमटत. कासवाच्या पाठीसाठी मधाच्या रंगाची पारदर्शक कणीक घेऊन तिच्यात गडद तपकिरी गोळे टाकत आणि रुळातून अगदी थोडे फिरवत. जास्त फिरवले की सगळे एकच तपकिरी व्हायचे, कमी फिरवले की ठिपक्यांच्या कडा कापल्यासारख्या दिसायच्या. कुठे थांबायचे हे रुळावरच्या माणसाला कळावे लागे.

शिंपल्याची नक्कल सर्वांत अवघड. शिंपल्याची झाक रंगाची नसते. पातळ थरांवरून परत येणाऱ्या उजेडाची ती असते, म्हणून रंग कालवून ती साधत नाही. इथे माशांचे खवले कामी आले. काही माशांच्या खवल्यांवर ग्वानीन नावाच्या द्रव्याचे चपटे, चंदेरी स्फटिक असतात. ते धुऊन काढलेला लेप फ्रान्समधले खोट्या मोत्यांचे कारागीर सतराव्या शतकापासून वापरत. तोच सेल्युलॉइडच्या कणकेत मिसळला आणि कणीक रुळातून काढली की सारे स्फटिक एका अंगाला आडवे होतात आणि तक्ता चमकू लागतो. मग त्या तक्त्याला दाबून लाटा पाडायच्या आणि वरून रंधून पुन्हा सपाट करायचे. पृष्ठभाग सपाट राहतो, पण आतले स्फटिक प्रत्येक लाटेत निराळ्या कोनात कललेले असतात, आणि चाकू हातात फिरवला की चमक इकडून तिकडे वाहते. अशी मूठ खिडकीशी धरून अंगठ्याने हळूहळू कलती केली तर एका कोनात ती खरोखर शिंपला वाटते आणि पुढच्याच कोनात तिचे बिंग फुटते, कारण खऱ्या शिंपल्यात हिरवा-गुलाबी रंग खोलातून येतो आणि इथे नुसती चांदी हलते.

आणि मग कधीतरी, १९२० च्या आसपास, नक्कल करण्याचा कंटाळा आल्यासारखे कारखाने मोकळे सुटले. चमकदार तक्त्याचे तुकडे करून ते वाटेल तसे पसरून पुन्हा दाबले की फुटलेल्या बर्फासारखा नमुना होई. त्याला ‘क्रॅक्ड आइस’ म्हणत. तांबड्या-पांढऱ्या थरांचा आडवा काप म्हणजे ‘कँडी स्ट्राइप’. धातूची भुकटी मिसळून केलेला सोनेरी ‘गोल्डस्टोन’. उभ्या चंदेरी सरींचा ‘वॉटरफॉल’. हिरवे, तांबडे, पिवळे तुकडे एकत्र लाटलेला, जत्रेतल्या भिरभिऱ्याला शोभेल असा ‘ख्रिसमस ट्री’. यांतला एकही नमुना कोणत्या प्राण्याच्या अंगावर किंवा झाडाच्या खोडात सापडणार नाही. जाणकार अजूनही नकली हस्तिदंताची तारीफ करतात, पण कारागिरी म्हणून पाहता सेल्युलॉइडच्या इतिहासातला हाच काळ सर्वांत मोलाचा. जो पदार्थ दुसऱ्याचा चेहरा घालून बाजारात आला त्याने स्वतःचा चेहरा इथे दाखवला.

अमेरिकी कंपन्यांत या मुठींची जणू शर्यत लागली. रेमिंग्टनने पहिल्या महायुद्धानंतर बंदुकांची मागणी घटली तेव्हा १९२० मध्ये चाकू काढायला घेतले आणि आपल्या सेल्युलॉइडला ‘पायरेमाइट’ हे घरचे नाव दिले. ड्युपाँटचे ‘पायरॅलिन’ हे दुसरे नाव. ते आर्लिंग्टन कंपनीचे, आणि ती कंपनी ड्युपाँटने १९१५ मध्ये घेतली होती. केस कंपनीच्या चाकूवरच्या नमुना-क्रमांकात मुठीचे द्रव्य लिहिलेले असे. सुरुवातीला नऊ असेल तर नकली शिंपला, आर असेल तर लाल पट्ट्यांचा तक्ता, जीएस असेल तर गोल्डस्टोन. संग्रहकाला ही खूण फार उपयोगाची, कारण मूठ मागाहून बदलली असेल तर क्रमांक आणि फळी यांचे जुळत नाही.

ओहायोतल्या कँटन गावाने वेगळीच वाट काढली. तिथल्या कारखान्यांनी फळी पारदर्शक ठेवली आणि तिच्याखाली छापील चित्र किंवा फोटो बसवला. गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, बंधुसंघाच्या लॉजचे चिन्ह, राष्ट्राध्यक्षाचा चेहरा, नटीची छबी, काय हवे ते. फिरते विक्रेते गिऱ्हाइकाकडून फोटो घेऊन जात आणि चाकू टपालाने येई. आज हे चित्रांचे चाकू सर्वांत जास्त मागणीचे आहेत आणि सर्वांत जास्त कुजलेलेही तेच सापडतात. त्याचे कारण पुढे येईल.

हिंदुस्थानात घडीचे चाकू शेफील्डहून आणि सोलिंगेनहून येत, कचकड्याच्या इतर वस्तू जपानहून. पण दक्षिण महाराष्ट्रात या द्रव्याने जो मुक्काम केला तो धारेचे काम करणाऱ्यांच्याच घरी केला, ही मोठी नवलाची गोष्ट. शिकलगार म्हणजे तलवारी, कट्यारी, भाले यांना पाणी देणारे आणि धार लावणारे. पेशवाई संपली, संस्थानांच्या फौजा आटल्या, शस्त्रांचे काम बसले. मिरजेत पटवर्धनांच्या राज्यात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या घराण्याने तंतुवाद्यांचे काम हाती घेतले आणि पुढच्या पिढ्यांत ते घराणे सतारमेकर म्हणून नावारूपाला आले. कोल्हापूर दरबारी शाहू महाराजांच्या आश्रयाला अल्लादियाखाँ होते, मिरजेत अब्दुल करीमखाँ राहत. असे गवई जवळ असताना चांगल्या तंबोऱ्याला गिऱ्हाईक शोधत फिरायची गरज नव्हती. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचे लाकूड आणि वर शोभेचे काम. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

त्या शोभेच्या कामात पांढऱ्या पट्ट्या, पानेफुले, कडेच्या वेली यांना पूर्वी हस्तिदंत लागे. त्या जागी कचकडा आला. कायद्याने १९८० च्या दशकात हस्तिदंताचा व्यापार बंद केला, पण परवडत नाही म्हणून तो त्याआधीच बहुतेक कामांतून गेलेला होता. काम जवळून पाहिले तर मुठीच्या कारखान्यातले सारे गुण इथे हातावर दिसतात. तक्त्यातून अरुंद पट्टी कापायची, ऊब देऊन ती तबलीच्या, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी फळीच्या, गोल कडेबरोबर वळवायची, लाकडात खोदलेल्या खाचेत चिकटवायची. वाळली की कानशीने लाकडाशी सपाट करायची. बोट फिरवले तर सांधा लागता कामा नये. मग टोकदार हत्याराने तिच्यावर बारीक वेल कोरायचा, कोरीव रेघांत काळा किंवा तांबडा रंग चोळायचा आणि वरचा पुसून घ्यायचा. रेघेत रंग राहतो, पांढरे पांढरे राहते. हस्तिदंतावर हेच काम करायला हात जास्त दुखतो आणि पट्टी अशी वळत नाही. आता अनेक ठिकाणी कचकडा म्हणून मिळतो ते दुसरेच प्लास्टिक असते. जुन्या तंबोऱ्यावरच्या पट्ट्या मात्र खऱ्या सेल्युलॉइडच्या आणि वयोमानाने पिवळसर झालेल्या. हस्तिदंत समजून त्यांचा भाव सांगणारेही भेटतात.

कोल्हापूरची स्वतःची सेल्युलॉइडकथा फितीची. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री बंधू संगीत नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत आणि त्यामुळेच ‘पेंटर’ झाले. फाळक्यांचे काम पाहून दोघांना चित्रपटाने झपाटले. आनंदराव १९१६ मध्ये वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने कॅमेरा कोल्हापुरातच घडवला, तानीबाई कागलकर या गायिकेने भांडवल दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले ते याच चित्रपटामुळे. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर यांनी याच कंपनीत धडे घेतले आणि सीताराम कुलकर्ण्यांना बरोबर घेऊन १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात काढली. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली.

कॅमेरा कोल्हापूरचा, पण त्यात भरायची फीत परदेशी. पस्तीस मिलिमीटर रुंद, नखाच्या जाडीहूनही पातळ, कडेला भोके पाडलेली आणि एका अंगाला चांदीच्या क्षारांचा थर दिलेली पारदर्शक नायट्रोसेल्युलोजची पट्टी. नायट्रोसेल्युलोजची पारदर्शक फीत ईस्टमन कंपनीने १८८९ मध्ये बाजारात आणली. एका फुटात सोळा चित्रे बसतात. मूकपटाच्या गतीने हजार फुटांची फीत सुमारे सतरा मिनिटे चाले, म्हणजे दीड-दोन तासांच्या चित्रपटाला पाच-सात हजार फूट फीत. चाकूच्या मुठीतले सेल्युलॉइड तोळ्यांत मोजावे, इथे ते किलोंत होते, तेही पातळ पट्टीत, डब्यांत घट्ट गुंडाळलेले. एकच द्रव्य, पण धोक्याचे माप पूर्ण बदलले.

तो धोका समजण्यासाठी कुजण्याची रीत पाहावी लागते. नायट्रोसेल्युलोज स्थिर राहत नाही. त्यातले नायट्रोजनचे गट वर्षानुवर्षे, हळूहळू सुटतात आणि नायट्रोजनचे ऑक्साइड वायू बाहेर पडतात. हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचे आम्ल बनते आणि ते आम्ल उरलेल्या द्रव्याचे विघटन आणखी जोरात करते. म्हणजे कुजणे स्वतःलाच वेग देते. सोबत कापूरही उडत असतो, म्हणून वस्तू आकसते आणि तडकते. रंगांत मिसळलेली काही द्रव्ये आम्ल शोषून घेतात, त्यामुळे गडद, अपारदर्शक मुठी बऱ्या टिकतात. पारदर्शक, मधाळ आणि कासवी मुठी आधी जातात. कँटनच्या चित्रांच्या चाकूंचे दुर्दैव ते हेच.

चाकूत या वायूचा पहिला मार पात्याला बसतो. मूठ अजून बरी दिसत असते आणि पात्यावर, नेमका मुठीत मिटलेल्या भागावर, खडबडीत गंज चढतो. पितळी अस्तरावर हिरवा थर येतो. रिबिटाभोवती जाळीदार तडे पडतात, फळी धुरकट होते, मग चिकट घाम सुटतो आणि शेवटी ती साखरेच्या खड्यासारखी भुगा होऊन गळते. पेटीत शेजारी ठेवलेले, हाडाच्या किंवा लाकडाच्या मुठीचे निर्दोष चाकूसुद्धा त्याच वायूने गंजतात. संग्रहकांत म्हणूनच एक सडका चाकू सगळी पेटी घालवतो हा अनुभवाचा बोल आहे.

फितीत तेच घडते, पण डब्यात वायू कोंडतो. चित्र फिकट होते, थर चिकटतो, वर फेस येतो आणि शेवटी तपकिरी भुकटी उरते. त्या टप्प्यावरची फीत चाळीस-एक अंशांच्या उष्णतेत दीर्घकाळ राहिली तरी आपोआप पेटू शकते. जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या रेणूतच असल्याने पाण्याखालीही ती जळत राहते. चित्रपटगृहांच्या प्रक्षेपणकक्षांना लोखंडी दारे आणि झडपा लागल्या त्या यामुळे. १९५० च्या सुमारास सहजी न पेटणाऱ्या ॲसिटेट फितीने तिची जागा घेतली.

तोवर फार काही गेले होते. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले असे मानतात. त्यांतले फारच थोडे आज काही ना काही स्वरूपात शिल्लक आहेत. ‘सैरंध्री’ नाही. बाबूरावांच्या मूकपटांपैकी १९२७ च्या ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ यांचे अंश वाचले. काही फिती कुजल्या, काही जळल्या आणि कितीतरी त्यांतली चांदी काढून घेण्यासाठी मोडीत विकल्या गेल्या. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या दंगलीत कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात पुढे फिल्म इन्स्टिट्यूट आली, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि त्या संग्रहालयाच्या नायट्रेट फिती याच आवारातल्या गोदामात ठेवल्या गेल्या. ८ जानेवारी २००३ रोजी ते गोदाम पेटले आणि हजारो रिळे भस्मसात झाली. त्यांत प्रभातच्याही फिती होत्या. काहींच्या प्रती आधी ॲसिटेटवर उतरवलेल्या होत्या, एवढाच दिलासा.

मुठींचा काळ त्याहून शांतपणे संपला. १९३० नंतर सेल्युलोज ॲसिटेट आले, महायुद्धानंतर पेट्रोलियमपासूनची प्लास्टिके, आणि १९६० मध्ये ड्युपाँटचे डेल्रिन. टेबल टेनिसच्या चेंडूत मात्र कचकडा बराच काळ तग धरून होता. आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१४ पासून तिथेही दुसरे प्लास्टिक आणले. आज काही इटालियन आणि जपानी पेनवाले हौसेखातर सेल्युलॉइड वापरतात.

आजोबांच्या पेटीतून, जुन्या बाजारातल्या ढिगातून असा चाकू हाती आला तर ओळखण्याच्या सोप्या खुणा आहेत. मूठ अंगठ्याने जोरात चोळावी आणि लगेच हुंगावी. कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड. गरम सुई टोचून पाहण्याचा सल्ला काही जण देतात तो मुळीच ऐकू नये. त्याने मूठ बिघडते आणि पेटही घेऊ शकते. असा चाकू हवाबंद डबीत, प्लास्टिकच्या पिशवीत किंवा चामड्याच्या म्यानात ठेवू नये. वायू कोंडला की कुजणे वाढते. इतर चाकूंपासून वेगळा, थंड, कोरड्या आणि हवेशीर जागी, पाते किंचित उघडे ठेवून तो ठेवावा. कोल्हापूरचा पाऊस चार महिने मुक्कामाला असतो, त्या दिवसांत महिन्यातून एकदा पात्यावर पुसट तेलाचा हात फिरवावा, मुठीला तेल लावू नये. निरांजन, समई, शेगडी यांपासून त्याला दूर ठेवावे. फळीला घाम सुटला असेल तर ती वाचत नाही. चाकू लगेच बाजूला काढून बाकीचे वाचवावेत.

फितीचे तसे नाही. कोल्हापुरात चित्रपटाशी नाते असलेली जुनी घरे अजून पुष्कळ आहेत आणि त्यांच्या माळ्यांवर गंजलेले पत्र्याचे डबे असणे अशक्य नाही. १९५० च्या आधीचा असा डबा सापडला तर तो उन्हात उघडून बसू नये, फीत यंत्रावर चढवून पाहू नये आणि भंगारात तर मुळीच घालू नये. डबा थंड जागी ठेवून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवावे.